निळ्या नळीचं पाणी

४ फेब्रुवारी
रोजनिशी एक तारखेपासून लिहायची ठरवलं होतं. कुठल्या महिन्याच्या, ते ठरलं नव्हतं.
मुक्काम ताईकडे. आलो होतो दोन दिवसांसाठी, पण विहिरीचं पाणी बाधून भाची भिंगरी आजारी पडली. भावजी नोकरीला बाहेरगावी. म्हणजे मलाच थांबणं भाग. अल्ट्राव्हायोलेट दिव्याचं मशीन आणलंय. निळ्या नळीजवळून पाणी जातं, जंतू खलास. ताई म्हणाली, नळवाल्याला बोलावू का? म्हटलं, मी कशाला आहे मग?

७ फेब्रुवारी
बसवलं. टाकीतून उतरणारा पाइप कापून मधे मशीन. बाथरूमशेजारचा पाइप निवडला, प्लग तिथेच होता. अशा कामाला डोकं लागतं. ताईला सांगितलं, पाणी उकळणं आजपासून बंद.

२४ फेब्रुवारी
माहितीपत्रक वाचलं. आतली काच अधूनमधून पुसायची असते. उद्या.

२५ फेब्रुवारी
शेजाऱ्यांची मोटारसायकल खोलून बसलो. काच राहिली. मोटारसायकलही.

२ मार्च
भिंगरीचं पोट पुन्हा बिघडलं. माझा संशय बिस्किटांवर. डॉक्टर म्हणाले, पाणी उकळता ना? ताई ऐटीत म्हणाली, आता गरज नाही, भावाने मशीन बसवलंय. बरं वाटलं. सध्या असं क्वचित वाटतं.

९ मार्च
भिंगरीला सलाईन लावून घरी आणलं. एवढंसं तोंड झालंय. ताईचा डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणाली, मशीन बघ ना रे एकदा, मला त्यातलं काही कळत नाही. फार दमलोय. काच उद्या नक्की.

१० मार्च, दुपार
काच पुसायला मशीनचा कॉक बंद केला. स्वयंपाकघरात ताई भांडी घासत होती. नळ धो धो चालू. कॉक पुन्हा बघितला. बंदच.
गच्चीवर गेलो. टाकीतून दोन पाइप उतरतात. एक बाथरूमला, एक स्वयंपाकघराला.
महिनाभर आम्ही निर्जंतुक पाण्याने आंघोळी केल्या. पिताना मात्र थेट विहीर.
ताईला सांगायला हवं. आधी बॅग भरतो.

१० मार्च, संध्याकाळ
बॅग घेऊन दार उघडलं, तर समोर भावजी. कळवलंही नव्हतं. लेकीसाठी रजा टाकून आलेत. बॅग बघून म्हणाले, मला घ्यायला निघाला होतास की काय? ताई म्हणाली, बसा, आधी याच्या मशीनचं पाणी प्या. भिंगरी म्हणाली, मामा, मलापण.
म्हटलं, ताई, तू बस, मी आणतो.
हे बाथरूममध्ये बसून लिहितोय. मशीनचा कॉक उघडून इथल्या नळाखाली दोन्ही ग्लास भरलेत. बाहेरून ताई विचारतेय, अरे, पाणी आणायला गेलास ना, मग तिकडे कुठे?