हंडे बाजूला केले होते

१० एप्रिल, गुरुवार

आज तिसरा दिवस. सकाळी जितेश आणि हरिचंद्र भावजी राख सावडून आले. दुपारी बायका आल्या. संध्याकाळी चॅनेलवाले. मी दिवसभर भिंतीला टेकून बसले होते.

परवा दुपारी हे गेले. छातीत दुखतंय म्हणाले, घाम फुटला, रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेलेत. सध्या एवढंच लिहिता येतंय.

माणसं येतात, बोलतात, मी हं म्हणते. "सुदाम कधी कोणाला उलटून बोलला नाही." हं. "जितेशकडे बघून दिवस काढायचे आता." हं. "खात जा थोडं." हं.

चॅनेलचा मुलगा पण तसाच आला. चपला बाहेर काढल्या, समोर मांडी घालून बसला. मला वाटलं यांच्या एमआयडीसीतल्या कंपनीतला कोणी असेल. मग म्हणाला, "आई, आंदोलनामुळे रस्ता बंद होता, म्हणून उशीर झाला ना?" मी हं म्हटलं. दारात कॅमेरा होता ते नंतर दिसलं.

काल पोलीस आले तेव्हाही असंच. साहेबांनी लिहून आणलेला जबाब वाचून दाखवला, भावजी म्हणाले, "वहिनी, सही करा," मी केली. काय वाचलं ते आठवत नाही. पंखा खडखडत होता ते आठवतं.

तळपाय सोलले आहेत. त्या दिवशी निघताना चपला घालायच्या राहिल्या. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मोजे घालून बसते. चपला दाराजवळ तशाच पडून आहेत.

११ एप्रिल, शुक्रवार

मी टीव्हीवर आहे. जितेशने मोबाईलवर दाखवलं. दाखवायचं नव्हतं त्याला, मीच मागितलं.

खाली लाल पट्टी — पाण्याच्या आंदोलनाने घेतला जीव. वर माझं तोंड आणि माझं हं. मग लाठीमार. बायका पळतायत, हंडे रस्त्यावर घरंगळतायत. बातम्या देणारी मुलगी सांगते, रुग्णाला वाट करून देण्यासाठी पोलिसांना बळाचा वापर करावा लागला. परत मी. परत हंडे. मागे रडकं संगीत लावलंय.

आमची रिक्षा गेली तेव्हा लाठ्या कुठे चालू होत्या? तेव्हा तर बायका खाली बसून गाणी म्हणत होत्या. लाठ्या नंतर झाल्या. हे दवाखान्यात स्ट्रेचरवर होते तेव्हा.

शेजारच्या बनूबाईंच्या सुनेला, किर्तीला, त्याच संध्याकाळी उचललं. पाच जणींना नेलं, चौघींना सोडलं. पाण्याच्या अर्जावर किर्तीचं नाव पहिलं, तिला ठेवलं. मला वाटत होतं, एव्हाना सुटली असेल. जितेश म्हणाला, "आई, तिला माणूस मेल्याचं कलम लावलंय."

"कोण माणूस?"

"बाबा."

त्या रात्री आमची चूल बंद होती तर पिठलं-भात बनूबाईंकडूनच आला होता. सून पोलिसांच्या गाडीत, आणि ही बाई आमच्यासाठी पिठलं ढवळत होती. त्यानंतर त्या आलेल्या नाहीत. सगळं पालेगाव येऊन गेलं, त्या नाहीत.

१२ एप्रिल, शनिवार

राजसी सारखी रडते. किर्तीची पोर, तीन वर्षांची. दोन्ही घरांत भिंत एकच.

१३ एप्रिल, रविवार

नीट आठवून लिहिते. जसं झालं तसं.

नाक्यावर बायका बसल्या होत्या. रस्ताभर रिकामे हंडे. नव्या टॉवरना टँकर येतात, आमच्या चाळीच्या नळाला नुसती हवा. मीपण बसणार होते, पण सकाळपासून यांना बरं वाटत नव्हतं. नरेंद्रची रिक्षा होती, स्टँडवरचा नरेंद्र. त्याने हॉर्न दिला. किर्तीने वाकून आत बघितलं आणि ओरडली, "सुदामकाका आहेत, हंडे उचला गं!" झाले बाजूला. स्टीलचे, प्लास्टिकचे, सगळ्यांचा एकदम खडखडाट. ती रिक्षाच्या पुढे पळत होती, राहिलेले हंडे पायाने ढकलत. रिक्षा थांबली पण नाही, हळू झाली फक्त.

पुढे वळणावर पोलिसांचे लोखंडी कठडे. मागे त्यांची गाडी आडवी. शिपाई म्हणाला, "रस्ता बंद आहे, मागे घे." नरेंद्र म्हणाला, "पेशंट आहे." "वरून ऑर्डर आहे. साहेबांना विचारावं लागेल." मी उतरले. हात जोडले. त्याने वायरलेसवर विचारलं, कोणी उत्तर दिलं नाही. मी दुसऱ्याकडे गेले. तो म्हणाला साहेब पलीकडच्या गाडीत आहेत. पळत तिकडे गेले. साहेब फोनवर होते, मी काचेवर हात मारला, त्यांनी थांबा म्हणून बोट दाखवलं. मी थांबले. थांबले मी!

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. परत आले तेव्हा किर्ती रिक्षात बसली होती. आमच्या मागून पळत आली असणार. यांचं डोकं तिच्या खांद्यावर. ती उतरली, मी बसले, कठडे सरकवले. मी यांचा हात धरला. पुढचं लिहीत नाही.

यात बायकांनी अडवलं कुठे?

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. कोणी विचारलंच नाही. जो तो आपलं सांगून गेला.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी. लांबून जयंतीच्या मिरवणुकीचा आवाज येतो. दरवर्षी हे मला घेऊन बघायला जायचे, कोपऱ्यावर सरबत प्यायचो.

नरेंद्र भेटायला आला. खाली मान घालून बसला. मी म्हणाले, "नरेंद्र, आपल्याला कोणी अडवलं ते तू बघितलंस ना?"

"वहिनी, मी काय बघितलं नाय."

"तू चालवत होतास."

"रिक्षा जमा करतील. बोलले तसं मला. परमिट गेलं तर खाऊ काय?" मग रडायला लागला. मीच त्याला पाणी दिलं. त्याचंही घर आहे.

दुपारी सेठचा फोन. मी उल्हासनगरला कॅम्पात त्यांच्या जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला आहे. "माधवी, टीवी पे देखा तुमको. बहुत बुरा हुआ. ये आंदोलन करनेवाले लोग ना..." 

मी म्हणाले, "सेठ, ऐसा नहीं हुआ."

"क्या?"

"ऐसा नहीं हुआ."

सहा दिवसांत पहिल्यांदा कोणाला हं न म्हणता नाही म्हटलं. सेठ गांगरले. आराम करो म्हणाले आणि फोन ठेवला.

१५ एप्रिल, मंगळवार

बनूबाईंच्या दारात गेले. सुतकात दुसऱ्याच्या घरी जायचं नसतं, म्हणून उंबऱ्याबाहेर उभी राहिले. त्या तांदूळ निवडत होत्या. वर बघितलं नाही.

"टीव्हीवर बरी दिसतेस."

त्यांनी सुपातला एक खडा बाहेर टाकला.

"माझी सून बी दिसते. केस धरून वढतात तेव्हा. पाठ दिसते नुसती."

"बनूबाई, तिने हंडे बाजूला केले होते. मला माहीत आहे."

"मग तिथं हं का म्हणलीस?"

राजसी मागून आली, माझ्या मोज्यांकडे बघत राहिली. थंडी वाजते का, म्हणाली. बनूबाईंनी तिला आत ओढलं. मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "परवा कल्याणला कोर्टात तारीख हाय. विनीत वकीलबाईकडं गेलाय. तुला काय करायचं ते तुझं तू बघ." विनीत म्हणजे त्यांचा मुलगा, किर्तीचा नवरा.

घरी येऊन चॅनेलच्या मुलाला फोन केला. नंबर त्याने ठेवला होता. तासाभरात आला, कॅमेरा घेऊनच. मी सगळं सांगितलं. हंडे, कठडे, वायरलेस, काचेवरचं बोट. एवढं सलग मी आयुष्यात बोलले नसेन. तो समोर बसून सारखा हं, हं म्हणत होता.

१६ एप्रिल, बुधवार

लाल पट्टी — मृताच्या पत्नीचा यू-टर्न, दबाव कोणाचा?

माझं एकच वाक्य ठेवलंय. "मी तसं म्हणाले नव्हते." पुढे काही नाही. मग चौकोनात चार माणसं एकमेकांवर ओरडतात. एक म्हणाला, या बाईला काय मिळालं त्याची चौकशी व्हावी.

मुलाला फोन केला. म्हणाला, "आई, शपथ, मी सगळं पाठवलं होतं. वर बसलेले कापतात. मला बातमीमागे पैसे मिळतात, माझं कोण ऐकतं?" खरं बोलत असेल. त्याचा आवाज माझ्या जितेशसारखाच आहे.

संध्याकाळी भावजी. "वहिनी, दादाच्या नावाने तमाशा मांडलात. जितेशला पालिकेत चिकटवायचा शब्द दिला होता लोकांनी. गेला आता."

"कोणी दिला होता?"

"कोणी का असेना. आणि उद्या म्हणे कोर्टात जाणार? उद्या दहावा आहे. दहाव्याला घरची बाई कोर्टात!"

मी जितेशकडे बघितलं. तो नुकताच पाळीवरून आला होता, तोंडही धुतलं नव्हतं. मग म्हणाला, "काका, दहाव्याचं मी करतो. आईचं आईला करू द्या."

भावजी चहा न घेता गेले. कपात साय धरली.

१७ एप्रिल, गुरुवार

जितेश पहाटेच भावजींबरोबर दहाव्याला गेला. मी विनीतबरोबर कल्याणला. माझ्या चपलांचे तळ कडक आहेत, सोललेल्या जागी टोचतील. जितेशचे जुने सँडल मोज्यांवरून घातले.

वकीलबाई तरुण आहे. मी सांगत गेले, तिने टाईप करून घेतलं, मला वाचायला दिलं. वाचू नका म्हटलं असतं तरी या वेळी वाचलं असतं. एका ठिकाणी "काही मिनिटे" लिहिलं होतं, मी ते खोडायला लावलं. मला माहीत नाही किती, तर नाही लिहायचं.

किर्ती लांब बाकावर, दोन पोलीस बायकांच्या मध्ये. ओठ सुजलेला. माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. काहीतरी सांगायचं असल्यासारखी. पोलीस बाईने तिला पुढे बघ म्हटलं.

सरकारी वकील म्हणाले, ही बाई आधी पोलिसांना एक बोलली, आता दुसरं बोलते, शेजारणीचा दबाव आहे. न्यायाधीशांनी मला उभं केलं. "तुम्ही हे स्वतःच्या मनाने सांगताय?" आजूबाजूला एवढी माणसं.

"हो," म्हणाले. नीट ऐकू जाईल असं. मग न विचारता पुढे बोलले, "आमची रिक्षा बायकांनी सोडली होती, साहेब. पोलिसांनी थांबवली. परवा टीव्हीवाल्यांनाही हेच सांगितलं होतं."

दुपारनंतर जामीन झाला. कागदपत्रं व्हायला वेळ लागणार, उद्याही सुट्टी. केस आहेच अजून. विनीत माझ्या पाया पडायला वाकला. मी म्हणाले, "पायाला हात नको लावूस, दुखतात."

घरी आले तर जितेशने मुंडण केलेलं. ओळखू आला नाही क्षणभर. यांच्यासारखाच दिसतो.

१८ एप्रिल, शुक्रवार

काही नाही. झोप नाही. भिंतीपलीकडे बनूबाई राजसीला सांगत होत्या, उद्या येणार आई. पोरगी परत परत विचारते, उद्या म्हणजे कधी.

१९ एप्रिल, शनिवार

किर्ती आली. रिक्षा गल्लीत वळली तेव्हा बायकांनी दारात येऊन बघितलं, कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. कॅमेरा एकही नव्हता. पलीकडे राजसीचा आवाज, मग एकदम शांत.

तासाभराने ती माझ्या दारात आली. आत तेराव्याचं सामान ठरवायला आलेली माणसं बसलेली. तिने आत डोकावलं आणि म्हणाली, "काकू, तुमची माणसं जाऊ दे, मग येते. एक निरोप आहे."

"कोणाचा?"

आत बघितलं परत. "नंतर."

२० एप्रिल, रविवार

तेरावं झालं. बनूबाई आल्या, पोळ्या लाटायला बसल्या. भावजी जेवून गेले. चॅनेलवर आता दुसऱ्या कुठल्या तरी गावचा मोर्चा आहे, तीच लाल पट्टी.

२१ एप्रिल, सोमवार

किर्ती आली. घरात मी एकटीच. तिने निरोप सांगितला. मी साहेबांच्या गाडीकडे धावत होते तेव्हा हे शुद्धीवर होते. माझ्याकडेच बघत होते. तिला म्हणाले, "हिला सांग, पायात काहीतरी घाल. डांबर तापलंय."

पुढे काही बोलले नाहीत.

"वकीलबाई विचारत होत्या काकू, काही बोलले का शेवटचं, उपयोगी पडेल म्हणून. मी नाही सांगितलं. चॅनेलवाल्यांनी पट्टीवर चालवलं असतं. ते तुमचं होतं."

ती गेल्यावर मोजे काढले. तळव्यांना नवी कातडी धरली आहे. चपला दाराजवळ होत्या त्याच जागी, धूळ बसलेली. झटकल्या, घातल्या. हंडा घेऊन नळापर्यंत गेले.