धनकंवरबाईंची थाळी

कंचन,

भाकरी टोपलीत झाकून ठेवली आहे, बापूंना वेळेवर वाढ. मी गाडी करून रनाळ्याला जाते आहे. पूरग्रस्तांच्या मदतीसाठी धर्मशाळेत जुन्या भांड्यांचं दुकान मांडलंय ना, तिथे मी दिलेली तुझ्या गेलेल्या आईची काशाची थाळी रनाळ्याच्या एका बाईने विकत नेली. बदल्यात माझ्या माहेरची नवी थाळी देईन, तिच्या पाया पडेन, पण परत आणीन.

काल तू दुसरी थाळी न घेता पत्रावळीवर जेवलीस. बापूंना मी म्हटलं, थाळीवरचं नाव झिजलं होतं, दिसलंच नाही. ते खोटं होतं, पोरी. रोज घासताना ‘धनकंवर’ माझ्या बोटांना लागायचं. म्हणूनच दिली.

सोहनबाई