अष्टमीची आमटी

॥ श्री सप्तशृंगी प्रसन्न ॥

नाशिक रोड,
५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. साधनास,

अनेक आशीर्वाद. सटाण्याला तू व भाऊजी खुशाल असाल. फोनवर बोलले की घरातले सगळे कान देतात, म्हणून हा पाठकोरा कागद घेऊन बसले.

चौथी केमो झाली. केस गेले. मयूर टोप आणणार होता, पण एवढा खर्च कशाला? मी जुन्या सुती साडीचे दोन रुमाल शिवले, तेच बांधते. तोंडाला चव नाही, पाणीसुद्धा लोखंडासारखं लागतं. तेजस्विनी सून असून लेकीसारखं करते.

अष्टमीचा पुरणाचा नैवेद्य मात्र मीच केला. ती म्हणाली, "आई, बसा ना जरा." ऐकलं नाही. देवीचं आधी चाखायचं नसतंच, मग जिभेला चव असली काय, नसली काय! जेवताना विचारलं, आमटी कशी झालीय? मयूर म्हणाला, "एक नंबर." ह्यांनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

उरलेली आमटी भांडीवाल्या बयाबाईला दिली. दुसऱ्या दिवशी दारातूनच म्हणाली, "काकू, मीठ किती वो टाकलं! पोरं रातभर पानी पीत व्हती." ह्यांना ब्लडप्रेशर, डॉक्टरांनी मीठ तोडलंय, आणि दोन वाट्या प्यायले. मी घरात काही बोलले नाही.

दिवाळीआधी स्कॅनचा रिपोर्ट आला. तेजस्विनी मोरीत नळ सोडून बराच वेळ उभी होती. मयूरला विचारलं.

"एक नंबर आहे, आई."

हे मान हलवत राहिले. तोच आवाज गं, साधना. मीही म्हटलं, देवीची कृपा, आणि देवापुढे साखर ठेवली.

तू धाकटी जाऊ म्हणून घरात नवी असताना सासूबाईंच्या देखत म्हणाली होतीस, "ताई, मीठ जास्त झालंय." महिनाभर तुझ्याशी बोलले नव्हते मी. आता तूच हवीस. येत्या चैत्राचा नैवेद्य तू कर, तेजस्विनीला हाताशी घे. तिचं पुरण अजून सैल होतं. पण चैत्राची वाट पाहू नकोस, आधीच ये. मयूर तुला रिपोर्ट दाखवेल. जसा असेल तसा मला सांग. खारट तर खारट.

मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. माझ्यासाठी एवढं गिळलंय त्यांनी.

तुझ्या एका खऱ्या शब्दासाठी थांबलेली,
तुझी ताई