जुन्या टॉवरवर जागा नाही

प्रिय लुएला,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. तुझं घर घेतलेलं पिट्सबर्गचं जोडपं फक्त उन्हाळ्यात येणार म्हणे, त्यामुळे नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण झाल्यापासून आपल्या रस्त्यावर मी एकटीच आहे. सकाळी बर्फ काढायला बाहेर पडले की मान अजून तुझ्या धुराड्याकडे वळते. रविवारी ॲपल पाय केला. सवयीनं मोठाच केला, आणि चार दिवस तोच खात बसले. तुला तिकडे ॲरिझोनात जानेवारीत पंखा लागतो, हे खरं का गं? तुझी नातवंडं, क्लिंटची पोरं, आता बरीच उंच झाली असतील.

परवा गावच्या टाउनशिप बोर्डाच्या सभेत पुन्हा मोबाइल टॉवरचा विषय निघाला. रॉस्को उठून म्हणाला, "लुएलाच्या टेकडीवर होऊ दिला असता, तर माझी बायको आईला फोन करायला गोठ्याच्या छपरावर चढली नसती!" सगळे हसले. मी कारकुनाच्या खुर्चीत इतिवृत्त लिहीत होते, मान वर केली नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच खुर्चीतून मी नियम वाचून दाखवला होता. तीन मैलांच्या आत जुना टॉवर असेल, तर फोन कंपनीनं त्यावरच आपला अँटेना लावायचा. तिथं जागा नाही असं जुन्या टॉवरच्या मालकानं लिहून दिलं, तरच नवा उभारायचा. जुना टॉवर अग्निशमन दलाचा, आणि त्यांचा प्रमुख हार्लन तेव्हा इस्पितळात. तू कळवळून म्हणालीस, "अगं व्हर्ना, तो गंजलाय, आणखी वजन पेलणार नाही, असं हार्लन स्वतः म्हणाला. लिहून देतो म्हणाला होता!" मी म्हटलं, "कागद आल्याशिवाय बोर्ड तरी काय करणार?" बोर्डानं तुझ्या टेकडीवरच्या टॉवरचा अर्ज फेटाळला. कंपनीची माणसं शेजारच्या टाउनशिपला गेली. हार्लन इस्पितळातून परत आलाच नाही. टॉवरच्या भाड्याची आशा संपली, आणि एवढं मोठं घर एकटीनं सांभाळणं तुला झेपेना. घर विकून निघालीस, तेव्हा मला मिठी मारून म्हणालीस, "नियम तो नियम, तुझा काय दोष?" ती मिठी मला अजून सोसवत नाही.

लुएला, हार्लनचं पत्र आलं होतं. सभेच्या नऊ दिवस आधी, माझ्याच हातात. मी ते नोंदवलं नाही, घरी आणून ठेवलं. त्याच आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरात बसून तू खुशीत म्हणाली होतीस, "भाडं सुरू झालं की हिवाळ्याचे चार महिने क्लिंटकडे काढीन." एर्ल संसार अर्ध्यावर टाकून गेला, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मला ते चार महिने एकटीनं काढायची भीती वाटली. बस, एवढंच कारण. तुला चार महिने जाऊ दिलं नाही, म्हणून तू कायमची गेलीस. येत्या मंगळवारी ते पत्र बोर्डासमोर ठेवून मी राजीनामा देणार आहे. बुधवारपर्यंत गावभर होईल, आणि कुणीतरी तुला कळवेलच. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्या कानावर जाऊ नये, म्हणून हे पत्र.

म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझीच,
व्हर्ना