एकसष्ट ते ऐंशीच्या मधले

बालाघाट, ता. ३ फेब्रुवारी १९६९

नागपूर मुक्कामी आमचे वडीलधारे मेव्हणे शालिकरामभाऊ यांस घनश्यामचा वाकून नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे. तुमची बहीण विमल बरी आहे, पुष्पलता यंदा सहावीत आहे. तुमच्या गुडघ्याला वैद्याचे तेल लावता असे कळले. लावण्याआधी एकदा हुंगून पाहत जा. मागे मी घेतलेल्या अशाच तेलाला भज्यांचा वास येत होता आणि तो वैद्य हिरालालच्या हॉटेलात फार बसतो, यापलीकडे मी काही म्हणत नाही.

पत्रास कारण असे की, आपले राजंदेकर साहेब येत्या सोळा तारखेला छोट्या रुळांच्या गाडीने जबलपूरला मुलीकडे जाणार आहेत. बालाघाट स्टेशनात गाडी वीस मिनिटे थांबते. साहेबांनी बॅट खाली ठेवून आठ वर्षे झाली, पण हिरालालच्या हॉटेलात त्यांचा वर्तमानपत्रातला फोटो अजून गणपतीशेजारी टांगलेला आहे (उदबत्ती दोघांना मिळून एकच). सत्कार समिती बसली. हार एकच आणि तो घालायला उत्सुक हात सतरा, तेव्हा महागू गुरुजींनी तोडगा काढला की, ज्याने साहेबांचा सत्तावन सालचा नागपूरचा डाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असेल त्यानेच हार घालावा. झाले! दुसऱ्या दिवसापासून जो भेटेल तो नागपूरला गेलेला. इतकी माणसे खरोखर गेली असती तर त्या दिवशी बालाघाटात चोरांची दिवाळी झाली असती. मी बावीस वर्षे कोर्टाच्या पायरीवर अर्ज लिहितो, खोटा साक्षीदार घसा खाकरला की मला कळतो, म्हणून आठवणी तपासण्याचे काम सचिव या नात्याने माझ्याकडे आले.

तपासणी म्हटल्यावर बाकीचे गळाले, तिघेच टिकले. पहिला आला कापडवाला तेजराम. साहेब प्रत्येक चेंडूआधी टोपी कशी सरळ करायचे हे त्याने करून दाखवले. (फोटोत साहेबांचा हात टोपीलाच आहे, हे मी मनात नोंदवले.) डाव त्याने झकास सांगितला, अगदी एकसष्टपर्यंत. पुढे म्हणाला, मग साहेब ऐंशीवर गेले. मी विचारले, मधल्या एकोणीस धावा कशा झाल्या? तो चिडलाच. "मारूनच राह्यलता न तो! तू काहून पोलिसावानी इचारून राह्यला?"

दुसरा चैतराम. हा म्हणे मैदानाबाहेरच्या कडुनिंबावर बसून बघत होता. एकसष्टवर त्याला लाल मुंग्या चावल्या, तो खाली उतरला, अंग झाडले आणि परत चढला तेव्हा साहेब ऐंशीवर होते. मुंग्यांना धावफलक वाचता येतो हे मला ठाऊक नव्हते. तिसरे खुद्द महागू गुरुजी. गुरुजींबद्दल संशय घेणे पाप आहे, म्हणून मी तो जरा अदबीने घेतला. गुरुजींच्या डोळ्यात एकसष्टवर धूळ गेली. ती ऐंशीला निघाली.

भाऊ, तिघांच्याही आठवणीला एकाच जागी भोक! मी दोन दिवस नीट जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. त्या दुपारी हिरालालच्या हॉटेलातल्या रेडिओची बॅटरी साहेब एकसष्टवर असताना संपली होती. नवी आणून जोडली तेव्हा साहेब ऐंशीवर होते. म्हणजे हे तिन्ही सज्जन नागपूरला नव्हे, हिरालालच्या बाकड्यावर होते आणि ऐकत होते तीही इंग्रजी कॉमेंट्री, तिच्यातले आम्हाला आकडे आणि टाळ्या तेवढ्या कळायच्या. आता रविवारी सभेत मी तिघांनाही बाद करणार आहे. राहता राहिला सचिव. हार कुणाकडे जातो ते तुम्हीच समजा. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
घनश्याम

ता. क. – रविवारी माझीही तपासणी आहे आणि ती गुरुजी घेणार आहेत. मी नागपूरला गेलो होतो असे कधीच म्हटलेले नाही, लोक म्हणत गेले आणि मी अडवले नाही, एवढाच माझा दोष. बाकीच्या डावाचे निदान आकडे तरी कानावर आहेत. तुम्ही तर मैदानात बसून तो डाव पाहिलेला आमच्या घरातला एकमेव माणूस. तेव्हा एकसष्ट ते ऐंशी काय काय झाले ते उलट टपाली सविस्तर कळवावे. भाऊ, खरे सांगतो, मला तो हार घालायचाच आहे. त्या माणसाने मला आयुष्यात जेवढा आनंद दिला तेवढा माझ्या एकाही अशिलाने दिला नाही.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवण्याआधी विमलने पत्र वाचले आणि ती पदर तोंडाला लावून हसत बसली. म्हणते, "दादा कायचा नागपूरले! त्या दिवशी पुष्पाचं बारसं होतं. पाळण्यापाशी पोरीचा बाप नवता अन् मामाबी नवता. दोघंबी हिरालालच्या बाकड्यावर होते. बॅटरी आणाले सायकल घेऊन दादाच गेलता." माझे डोळे त्या दिवशी रेडिओवर खिळलेले, शेजारी कोण आहे हे मी पाहिले नसेल. पण आता आठवते, तुम्ही प्रत्येक लग्नात तो डाव रंगवून सांगता आणि एकसष्ट झाले की पाणी मागता.

ता. क. तिसरा – तरीही त्या एकोणीस धावा लिहून पाठवाच. खोटे ठरवायला बालाघाटात कुणी उरलेले नाही. फक्त स्टेशनावर स्वतः साहेब ऐकत असतील, म्हणून त्यांत सुटलेला झेल घालू नका, म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटेल. एक चौकार गोलंदाजाच्या डोक्यावरून सरळ जाऊ द्या. आणि सोळाला तुम्ही स्वतः या. मी रविवारी कुणालाच बाद करत नाही, हार आपण पाच जण मिळून घालू. बाकड्यावरचे सगळे एकाच दुपारचे भक्त.

मात्र एक गोष्ट मनात सलते, ती समक्ष विचारीन. बॅटरीचे दुकान हॉटेलापासून चार घरांवर होते. साहेबांच्या एकोणीस धावा होईपर्यंत, भाऊ, तुम्ही सायकल घेऊन होता कुठे?