माझ्या डोळ्यांचं शेडकार्ड

चिरंजीव बोक्या यास,

मोठ्या भावाचे, आणि त्याच्या उजव्या बरगडीखाली मुक्कामाला आलेल्या तुझ्याच यकृताचे, अनेक आशीर्वाद. (यकृत तुझ्याच वयाचं आहे, तेव्हा त्याचे आशीर्वाद घ्यायचे की नाही ते तू ठरव.) तब्येत कशी आहे? टाके अजून ओढतात का? वेळेवर जेवतोस ना? हे सगळं मी फोनवरच विचारलं असतं, पण तू फोन उचलत नाहीस. माझा नाही, तुझ्या वहिनीचा नाही, आणि शेजाऱ्यांच्या फोनवरून केला तर आवाज ओळखून ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. पत्र फाडता येतं, पण फाडायच्या आधी तू ते वाचशील, कारण लहानपणापासून तू भोचक आहेस.

इकडे सर्व ठीक. हे रीत म्हणून लिहिलेलं नाही, खरंच ठीक आहे, आणि तू मनाशी जे काही ठरवून रुसून बसला आहेस ते साफ चूक आहे. ते कसं, हे सांगतो. मी कुठलीही गोष्ट मुळापासून सांगतो हे तुला माहीत आहे, तेव्हा आधी पाणी पिऊन ये.

मला घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी तुझ्या वहिनीला बजावलं होतं की रोज सकाळी उजेडात यांचे डोळे बघा, पांढरा भाग पिवळसर वाटला तर लगेच घेऊन या. आता 'पिवळसर वाटला' म्हणजे काय? जिच्या नवऱ्याने जन्मभर रंगाच्या दुकानात उभं राहून लोकांच्या भिंतींना रंग जुळवून दिला, तिने त्याचे डोळे असे अंदाजपंचे बघायचे? तिने दुकानातून शेडकार्ड मागवलं. शेडकार्डाला जंतू असतील म्हणून ते प्लास्टिकच्या पाकिटात घातलं, पाकीट रोज स्पिरिटने पुसायला सुरुवात केली, आणि उजेड बरा मिळतो म्हणून खिडकीतच टांगून ठेवलं. रोज सकाळी मी खिडकीशी उभा राहायचो, ती माझी पापणी खाली ओढायची, कार्ड डोळ्याला भिडवायची आणि मोठ्याने निकाल सांगायची : मोतिया पांढरा. मग मला चहा. (मोतिया पांढरा निघेपर्यंत चहा नाही, असा नियम होता. एकदा ढग आले होते तर चहा दुपारी मिळाला.)

असे काही महिने मोतिया पांढऱ्यात गेले. मग तू आलास. दारात, तोंडाला मास्क लावून, लांब उभा राहिलास, कारण पाहुण्यांना आत घेणं बंद होतं, आणि पहिलंच वाक्य बोललास, "दादा, पिवळा दिसतोयस रे." वहिनीचा पारा चढला. घरात रोज एवढी शास्त्रशुद्ध तपासणी चालते आणि हा दारातून निदान करतो! तिने कार्ड आणलं, तुझ्यासमोर डोळ्याला लावलं. मोतिया पांढरा, तंतोतंत. मीही तुलाच झापलं. मी गिऱ्हाइकांना कायम हेच सांगत आलो आहे की डोळ्यांवर जाऊ नका, कार्डावर जा. तू आणलेली फळं पायरीवर ठेवून निघून गेलास. फळं चांगली होती.

त्यानंतर मला खाज सुटली. अशी तशी नाही. दुकानातली लाकडी पट्टी पाठीत घालून खाजवायचो, आणि ती सापडली नाही तर दाराच्या चौकटीला पाठ घासायचो, म्हणजे तुझं टोपणनाव खरं तर मला शोभलं असतं. वहिनीने साबण बदलला, चादरी बदलल्या, शेवटी माझ्यावरच संशय घेतला की मी आंघोळ उरकतो, करत नाही. लघवी कडक चहासारखी होऊ लागली. तो रंगही कार्डावर आहे, नंबरासकट, पण तिथे कार्ड न्यायला वहिनीने ठाम नकार दिला. जेवण जाईना, पेंग येई. आणि रोज सकाळी निकाल तोच, मोतिया पांढरा.

शेवटी नेहमीच्या तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी मी खुर्चीत बसायच्या आत विचारलं, "कधीपासून पिवळे आहात?" वहिनीने अपमान गिळून पर्समधून कार्ड काढलं. बाईंनी ते घेतलं आणि आपल्या पांढऱ्या कोटाच्या बाहीवर ठेवलं. बोक्या, ते पाकीट उन्हाने आणि स्पिरिटने पिवळंधमक झालं होतं. इतके दिवस कार्ड आणि मी जोडीने पिवळे होत होतो, एकमेकांना सांभाळून घेत. बाई म्हणाल्या, यांना भरती करा, कार्ड घरी गेलं तरी चालेल. वहिनी तिथेच रडायला लागली आणि मला तिला समजवावं लागलं, खाजवत खाजवत.

पुढे शोधाशोध. रक्त काढलं, मग आणखी काढलं. पोटावर गार जेली लावून रक्ताच्या नळ्या बघितल्या; रक्त नीट वाहत होतं. मग बाई म्हणाल्या, शरीर नवं यकृत नाकारत असेल तर बघायला हवं, आणि सुई घालून तुझ्या यकृताचा कणभर नमुना घेतला. नेमका त्याचा निकाल यायच्या आत तुझ्या वहिनीने, धीर सुटून, तुला फोन केला की दादाचं शरीर तुझं यकृत नाकारतंय बहुतेक. तू फोन ठेवलास तो ठेवलासच.

मला कळलं तुला काय वाटलं ते. तुला मुलीकडच्यांनी नाकारलं, पोलीसभरतीत छातीच्या मापावरून नाकारलं, शाळेच्या नाटकात झाड व्हायला गेलास तर हलतोस म्हणून नाकारलं. आता भावाच्या पोटानेही. पण निकाल आलाय, आणि तो तुझ्या बाजूने आहे. नाकारण्याची खूणही नाही. तुझं यकृत निरोगी आहे, माझ्या पोटात जागा करून ऐसपैस वाढलंय. अडचण होती ती जोडावर. तुझी पित्ताची नळी माझ्या नळीला जिथे शिवली तिथे जखम भरताना वाट आकसली, पित्त तुंबलं, म्हणून पिवळेपणा आणि खाज. त्यात तुझा दोष नाही आणि माझाही. तोंडावाटे दुर्बीण घालून तिथे बारीक नळी बसवली आहे. खाज गेली. भूक इतकी लागते की वहिनी घाबरते. अरे, हे यकृत देता यावं म्हणून तू तळलेलं सोडलंस, मैदानाला धापा टाकत फेऱ्या मारल्यास, तुला पळताना बघून गल्लीतली कुत्री बाजूला व्हायची. अशा यकृताला नाकारायची माझ्या शरीराची काय टाप आहे? मला तुझा अभिमान वाटतो, हे तुला तोंडावर सांगितलं नाही कारण तू लगेच काहीतरी मागितलं असतंस.

वहिनीचे आशीर्वाद, आणि तिच्या मनात तुझ्यावर राग नाही असा निरोप. कार्ड तिने स्वतःच्या हाताने फाडलं. आणखी काय लिहू, तू सुज्ञ आहेस असं धरून चालतो.

तुझाच (आणि हे आता नुसतं लिहिण्यापुरतं राहिलेलं नाही),
दादा

ता. क. : पत्र लिहिण्याचं मूळ कारण राहिलंच. आमच्याकडे शेडकार्डं संपली आहेत. तिकडच्या दुकानातून एक नवं घेऊन स्वतः आणून दे. टपालाने नको, दुमडतं.

ता. क. दुसरा : वरचं खोटं आहे. दुकानात शेडकार्डांचे गठ्ठे पडले आहेत. पुढच्या आठवड्यात ती नळी बदलायची आहे. वहिनीला मी सांगितलंय की दिवा बदलण्याइतकं सोपं काम आहे, पण मला भीती वाटते रे. मोठ्या ऑपरेशनच्या वेळी तुझी ट्रॉली माझ्या शेजारी होती आणि तू माकडासारखी तोंडं करत होतास. मागच्या खेपेला मी शेजारी बघितलं तर नुसती भिंत होती. (रंग बरा होता, पण हात घाईने मारलेला.)

ता. क. तिसरा : मास्क लाव, पण दारात थांबू नकोस. आत ये, मला खिडकीशी उभा कर आणि कसा दिसतो ते सांग. या वेळी मी कार्डावर जाणार नाही.