वीस बुचं

बुधवार, ५ मार्च

बुचांवर चकाकी नाही!

वीसच्या वीस उलटीपालटी करून पाहिली. खिडकीशी नेऊन पाहिली. चष्मा पुसून परत पाहिली. राखाडी रंग आहे, वरचा पारदर्शक थर नाही. म्हणजे माझ्या लेकीच्या, ठकीच्या गाडीच्या चाकांना मी दुसरा थर मारला तेव्हा ही बुचं भोकांत नव्हतीच. डब्यात पडली होती. आणि मी शहाणा रंगाची गन फिरवत बसलो होतो!

नीट लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल. चाकाला पाच भोकं. त्यांतून नट आवळतात. भोकाच्या तोंडाशी नट जिथे टेकतो ती जागा कोऱ्या धातूची हवी. तिथे रंगाची पावडर बसली आणि भट्टीत भाजली गेली, की नट धातूवर न बसता रंगावर बसतो. रंग दबतो, तापतो, त्याचा चुरा होतो — आणि घट्ट आवळलेला नट हळूहळू सैल. म्हणून आधी भोकांत रबराची बुचं ठोकायची. पहिल्या, राखाडी थराला ठोकली होती. रंग गरम असतानाच उपटली, कारण गार झाल्यावर कडेचे टवके निघतात. आणि दुसऱ्या थराआधी परत बसवायची — तेवढं राहिलं. थर पारदर्शक, त्यामुळे डोळ्याला काही कळलं नाही. चार चाकं अशी झळकत होती की मी स्वतःवरच खूश.

जावईबापू तेव्हा समोर खुर्चीत बसले होते, सारखं घड्याळ बघत. "अजून किती, बाबा?" पण त्यांच्या घाईवर ढकलून चालायचं नाही. गन माझ्या हातात होती.

महिना झाला. ती चाकं रोज रस्त्यावर फिरतायत. माझी लेक आत बसलेली.

गुरुवार, ६ मार्च

झोप नाही. सकाळी गॅरेजवाल्याकडे गेलो, सहज आल्यासारखा. इकडचं तिकडचं बोलून हळूच विषय काढला — म्हटलं, एकानं असं असं केलंय.

"कोण गाढव आहे तो?"

"आहे एक."

"ओळखीचा?"

"फार जवळचा."

तो हसला नाही. हातातला पाना पुसत म्हणाला, "हे बघा, कदाचित काहीच होणार नाही. कदाचित उद्याच होईल. पण चाक निघायच्या आधी बोलतं. खडखड करतं. ऐकणारा पाहिजे."

ठकी गाडीत बसली की आधी गाणी लावते. तीही ठणाणा.

उपाय काय, तर चाकं उतरवायची, नट टेकायच्या जागा खरवडून कोऱ्या करायच्या, परत नीट आवळायची. अर्ध्या दिवसाचं काम! आणि तोवर गाडी हलवायची नाही. बस्स. एक फोन केला की झालं.

तो फोनच होत नाहीये. तीनदा नंबर काढला, तीनदा खिशात घातला. ठकीला सांगितलं की ते जावईबापूंना कळणार. कारखान्यात दुसऱ्यांच्या मालातले दोष काढायचा पगार घेतात ते, आणि सुट्टीच्या दिवशी फुकट काढतात! परवा आले तेव्हा ठकीनं केलेल्या चहातही दोन काढले, तिच्या गाडी लावण्यात एक. मी हसण्यावारी नेलं. ठकीही हसली, म्हणजे हसल्यासारखं केलं. चाकं घेताना मला म्हणाले, "घरच्या भट्टीत भाजलेली, बाबा, टिकतील ना?" आणि मी काय बोलावं? "कंपन्यांनी येऊन शिकून जावं असं काम आहे हे!" बसा आता. ते वाक्य हाडूक अडकावं तसं घशात अडकलंय.

बेत ठरवला. रविवारी सहज म्हणून जायचं. रविवारी जावईबापू दुपारभर झोपतात. "चाकं जरा पुसून देतो" म्हणायचं, खाली जायचं, जॅक लावायचा, खरवडायचं, आवळायचं, चहा पिऊन परत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

रविवारपर्यंत काही होऊ नये एवढंच.

शुक्रवार, ७ मार्च

ठकीचा फोन आला. मी मोटरसायकलचा स्टँड आकड्याला टांगत होतो, हात पावडरीनं माखलेले, तसाच उचलला. मागे गाड्यांचा आवाज येत होता.

"बाबा, मी थोडे दिवस येऊ का तिकडे?"

"दोघंही?"

"नाही. मी एकटीच. गाडी घेऊन."

तिच्या नि आमच्या गावामध्ये तो डोंगराचा रस्ता. वळणं, उतार, समोरून ट्रक. डोळ्यांसमोर एक चाक एकटंच दरीकडे पळताना दिसलं.

"नको!" म्हणालो — एवढ्या मोठ्यानं की बाहेर वाळवण उचलणारी आक्का दारात येऊन उभी राहिली. आक्का माझी थोरली बहीण. ठकीची आई गेल्यापासून माझ्याकडेच असते. भट्टीशी तिचं उभं वैर.

मग एकदा खोटं सुरू झालं की थांबतं कुठे! म्हटलं, खोलीभर सुटे भाग पडलेत. म्हटलं, पावडर उडते, तुला खोकला होईल. म्हटलं, कामाचा ढीग आहे, तुझ्याकडे बघायला वेळ नाही.

"मी कुठेही झोपेन, बाबा. स्वयंपाकघरातसुद्धा."

"नको म्हटलं ना. सध्या नकोच. आणि गाडी मुळीच बाहेर काढू नकोस. आहेस तिथेच राहा. मीच येतो रविवारी."

"नाही, तुम्ही इकडे नका येऊ." एकदम म्हणाली. मग "बरं." फोन बंद.

हुश्श! खुर्चीत बसलोच. निदान डोंगराचा रस्ता टळला.

आक्का तिथेच उभी. "पोर माहेरी येऊ का विचारते, आणि बाप नको म्हणतो! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"धूळ आहे सगळीकडे."

"धूळ मी काढते रोज. आजवर कधी बोलला नाहीस धुळीचं! आणि तिचा आवाज ऐकलास का?"

"ऐकला की. चांगला होता."

आक्का फणकाऱ्यानं आत गेली. या पानाला खरं सांगतो — मी तिचा आवाज ऐकलाच नाही. मागे चाक खडखडतंय का, तेच ऐकत होतो.

स्टँड टांगलेला राहिला तो राहिलाच.

शनिवार, ८ मार्च

सकाळपासून ठकी फोन उचलत नाही. अकराला उचलला नाही. जेवणाआधी नाही. चारला कापला — कापला म्हणजे हात चालतोय, म्हणजे जिवंत आहे, असं मनाला समजावलं. काय काय समजावावं लागतंय!

संध्याकाळी मेसेज आला. "मी ठीक आहे. गाडी उभीच आहे."

वाचून एवढं बरं वाटलं की आक्कासाठी चहा केला. ती कालपासून माझ्याशी बोलत नाही, पण चहा प्यायली.

मग अडगळीतलं एक जुनं चाक काढून त्यावर हात बसवला. नट टेकायची जागा उतरती, वाटीसारखी. खरवडायला कानस चालत नाही, ओरखडे राहतात. लाकडाच्या दांड्याला कागद गुंडाळून गोल गोल फिरवलं तर रंग पिठासारखा निघतो आणि खालचा धातू दुखावत नाही. पाचही भोकं नीट झाली. हे जमेल. पाना, कागद, दांडा, जॅक — पिशवी भरून दाराशी ठेवली.

दुपारी त्या स्टँडवर पावडर मारली होती, ती फसली. अर्थिंगची क्लिप लावायची विसरलो. धातूला धरायच्या ऐवजी सगळी पावडर माझ्या शर्टाला! आता बाकी काय विसरायचं राहिलंय?

रविवार, ९ मार्च

गेलो नाही.

पायात बूट घातले, पिशवी उचलली, आणि दारातच घोड्यानं पेंड खाल्ली. "तुम्ही इकडे नका येऊ" असं का म्हणाली असेल ती? ठकी कधी मला नको म्हणत नाही. चोराच्या मनात चांदणं — वाटलं, त्यांना कळलंय. टायरवाल्यानं दाखवलं असेल. जावईबापूंनी फोटो काढले असतील, चारही बाजूंनी. तिला माझी लाज वाटतेय. मला वाईट वाटू नये म्हणून टाळतेय.

बूट काढून तसाच बसून राहिलो. आक्कानं पाहिलं. दोन दिवसांचं मौन सोडून म्हणाली, "आता बोलतोस, का मी वेड्यांच्या डॉक्टरला बोलावू?"

सगळं सांगितलं. बुचं, थर, नट, जावई, "कंपन्यांनी शिकून जावं". भट्टीवरनं ती मला दहा वर्षं बोलतेय. आज आयतं कोलीत हातात दिलं होतं मी. वाटलं, आता ऐकवेल.

तिनं बुचं हातात घेऊन पाहिली. म्हणाली, "म्हणजे यासाठी पोरीला येऊ नको म्हणालास?"

"तिच्याच जिवासाठी म्हणालो!"

"जिवासाठी असतं तर कारण सांगितलं असतंस. कारण दडवलंस ते स्वतःच्या नाकासाठी." मग जरा नरमून, "अरे, चूक झाली तर झाली. माणसाच्याच हातून होते. जावई काय गिळणार आहे तुला? जा, तोंडावर सांग आणि मोकळा हो."

खरंच होतं ते. लगेच ठकीला फोन लावला — बंद. जावईबापूंना लावला — वाजून वाजून थांबला. उद्या पहिल्या बसनं जातो. गुपचूप बिपचूप काही नाही. दोघांना समोर बसवून सांगणार. हसले तर हसू देत. ते हसले तर परवडलं!

आक्कानं पिशवीत पाण्याची बाटली ठेवली आणि स्वच्छ शर्ट. "गाढवासारखा जाऊ नकोस," म्हणाली. गाढव हा शब्द आठवड्यात दुसऱ्यांदा.

सोमवार, १० मार्च

जावयाच्या इमारतीच्या पायरीवर बसून लिहितोय.

खाली गाडी नव्हती. वर गेलो. दार त्यांनीच उघडलं. दाढी वाढलेली. मी पाठ केलेलं पहिलं वाक्य बोलायच्या आत तेच म्हणाले, "ती नाही आली तुमच्याबरोबर?"

"कुठून?"

"तुमच्याकडून. शुक्रवारी घर सोडून गेली ना... तुमच्याकडे जाते म्हणाली."

शुक्रवारी मला फोन आला तेव्हा ती घरात नव्हतीच. सामान घेऊन निम्म्या वाटेवर आली होती.

खाली येऊन फोन लावत राहिलो. शेवटी उचलला. डोंगराच्या अलीकडे पेट्रोल पंप आहे, त्याच्या शेजारच्या लॉजवर आहे. शुक्रवारपासून. गाडी तिथेच उभी. "हलवू नको म्हणालात, म्हणून नाही हलवली. परत जायचं नव्हतं, आणि तुमच्याकडे..." मग म्हणाली, "मला वाटलं, यांनी तुम्हाला आधीच फोन केला असेल, म्हणून तुम्ही दार लावून घेतलंत."

मी तिला बुचांचं सांगितलं. पायरीवर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, रडत रडत — पहिला थर, दुसरा थर, नट, सगळं.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"एवढंच होतं, बाबा?"